जतनबाईंच्या गच्चीवरची राखण

जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात घर भाड्यानं द्यायचं म्हणजे मालक लोक भाडेकरूची जन्मपत्रिका मांडतात. कुठले, कोणाचे, नोकरी पक्की का, पाहुणे किती येतात. जतनबाईंनी मारिसेलला एकच प्रश्न विचारला, "घरमा मांस-मच्छी, अंडं रांधशी का?" मारिसेल फिलिपिन्सची. दावाओ नावाच्या समुद्रकाठच्या शहरातून ती थेट जळगावला येऊन पडली होती. तिला मासे सोडायला सांगणं म्हणजे आपल्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडायला सांगण्यासारखं. मी प्रश्न इंग्रजीत विचारला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग गच्चीकडं जाणाऱ्या जिन्याकडं पाहिलं आणि म्हणाली, नाही शिजवणार. त्या घरातलं माझं दुभाषेपण त्या दिवशी सुरू झालं.

मी ज्योत्स्ना, समोरच्या घरात राहते, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. कॉलनीत कोणाला परदेशातून फोन आला, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं झालं, की मॅडमना बोलवा. मी चिडते, पण जाते. मारिसेलच्या बाबतीत तर मी सुरुवातीपासूनच एक पथ्य पाळलं होतं, इकडचं तिकडं करताना टोचणारं तेवढं गाळायचं. जतनबाई म्हणाल्या, "नळ उघडा सोडी देस ही पोर," की मी इंग्रजीत म्हणायचे, आजी विचारताहेत पाणी पुरतं ना. अशानं दोन्ही बाजूंना वाटायचं की समोरची बाई फारच गोड बोलते.

तशा जतनबाई गोड बोलणाऱ्या नाहीतच. माणूस मात्र सोन्यासारखं. राजस्थानातल्या पालीकडच्या, जैन घरातल्या, लग्न होऊन धुळ्याला आल्या. यजमान पुखराजकाकांचं आग्रा रोडच्या एका गल्लीत कापडाचं दुकान होतं. सासरी दिवसभर घुंगट आणि बाहेर सगळी खान्देशी बोली. शेजारणींशी बोलून बोलून त्या अहिराणी शिकल्या त्या इतक्या पक्क्या की आज माझ्या धुळ्याच्या आईलाही त्या दोन शब्द जास्तच सांगतील. काका गेल्यावर मुलगा श्रेयांस धंद्यासाठी जळगावला आला, त्याच्याबरोबर त्या आणि सून विधी. खालच्या मजल्यावर ही तिघं, वर भाडेकरू आणि त्याच्यावर गच्ची. गच्ची मात्र कोणालाच भाड्यानं नाही. ती पाखरांची.

रोज उजाडताना जतनबाई डोक्यावर ओढणी घेऊन, गुडघ्यांना शिव्या देत गच्चीवर जातात आणि ज्वारी टाकतात. मातीचं पसरट भांडं घासून ताजं पाणी भरतात. लग्न होऊन आल्यापासून हा नेम चुकलेला नाही. धुळ्याहून जळगावला सामान आणलं त्या दिवशीसुद्धा टेम्पो खाली उभा आणि बाई गच्चीवर, हे मी स्वतः पाहिलंय. पाखरं येतात ती बहुतेक होले. आपल्या मागच्या दारी कुर्‌कुर्‌ करत हिंडतात ना, ते छोटे तपकिरी. जतनबाई त्यांना त्यांच्या माहेरच्या नावानं कमेडी म्हणतात.

मारिसेलचा नवरा रोनेल केळीची रोपं तयार करणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षांच्या करारावर आला होता. भला माणूस, पण सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. हिला नोकरी करायची परवानगी नाही, भाषा नाही, माणूस नाही. आली तेव्हा थंडी सरत होती, आणि बघता बघता वैशाख लागला. उष्ण देशातलीच आहे, हिला काय उन्हाळा, असं आम्ही समजून चाललो होतो. तिच्याकडं ऊन म्हणजे दर दुपारी पाऊस येण्याआधीचं ऊन. आमचं ऊन बघून ती खिडकीत ओलं पातळ टांगून जमिनीवर पडून राहायची. एकदा मी गेले तर रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही झालं नाही, तेच तर.

तिला वाचवलं कॅमेऱ्यानं. पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड ती तिकडूनच घेऊन आली होती. रोज सकाळी एका पाखराचा फोटो काढायचा आणि आईला पाठवायचा, हा तिचा नेम. आई तिकडून त्या पाखराबद्दल दोन ओळी पाठवणार, की तुझा बुलबुल आपल्याकडच्यापेक्षा जास्त भांडखोर दिसतो, वगैरे. तेवढं आलं की हिचा दिवस सुरू. त्यामुळं ती गच्चीवर जाणार हे ठरलेलंच होतं. पाण्याच्या टाकीजवळ बसायची, अंगावर जुनी चादर ओढून, फक्त कॅमेऱ्याचं नळकांडं बाहेर. जतनबाईंना आधी वाटलं पोर उन्हाला भिते. मग तिनं एकदा त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर होल्याचा डोळा मोठा करून दाखवला. लालसर डोळा, आणि त्या डोळ्यात आपली टाकी, आपला कठडा, आणि दाणे टाकणारी एक बारकीशी म्हातारी. जतनबाई मला रस्त्यावर गाठून म्हणाल्या, "ज्योत्स्ना, मी पाखरना डोळामा जाई उनू."

तिथून दोघींचं जमलं. मारिसेल हे नाव जतनबाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तिची मीरा करून टाकली. मीरा त्यांना लोला म्हणू लागली, तिच्या भाषेत आजी. रविवारी मीरा आमच्याकडं जेवायची. तापीचा मासा, काळ्या मसाल्याचा रस्सा, आणि नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा भात. जतनबाईंना ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की सोमवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून गच्चीवर ये. मी तिला स्कूटरवर मागं बसवून मेहरूण तलावावर नेलं, धुळ्याला माहेरी गेले तेव्हा लळिंगच्या कुरणात मोर दाखवायला नेलं. पण तिची खरी जागा गच्चीच. पाऊस लागला तेव्हा तर ती हसायलाही लागली होती, आणि मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

आणि तिथंच घोळ झाला.

चातुर्मास लागला. जतनबाईंनी तेला केला, म्हणजे तीन दिवस अन्न नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. चौथ्या दिवशी सकाळी पारणं, उपवास सोडायचा. जैन घरांत पारण्याला लोक भेटायला येतात, तपाचं कौतुक करतात, काही ना काही हातावर ठेवतात. विधीनं हे मीराला सांगितलं असावं. मीराला वाटलं, आपणही आपल्या लोलाला काहीतरी द्यावं, आणि द्यायचं तर आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं द्यावं. तिनं गावात जाऊन एक फोटो मोठा करून घेतला, सोनेरी चौकटीत बसवला, खाकी कागदात बांधला. मलासुद्धा सांगितलं नाही. मी तिला काय म्हणू? मनानं इतकी चांगली बाई!

बैठकीत दहा-बारा बायका होत्या. जतनबाई पाटावर, समोर चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी. मीरा पुढं झाली, गुडघ्यांवर बसली, आणि चौकट त्यांच्या हातात देत इंग्रजीत म्हणाली की माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि तो तुमच्या दाण्यांमुळं मला मिळाला. मी मागं बसले होते, मला कागदच दिसत होता. वाक्य ऐकायला इतकं चांगलं होतं की मी त्या दिवशी काहीही न गाळता, शब्दाला शब्द, मोठ्यानं मराठीत सांगितलं, "काकी, ती म्हणते, तुमच्या दाण्यांमुळं तिला हे मिळालं."

जतनबाईंनी कागद काढला.

गच्चीचा कठडा होता. त्याच्यावर शिक्रा, हा ससाण्यासारखा एक लहान शिकारी पक्षी, पंख अर्धे पसरून. डोळे लाल. पंजाखाली होला, मान एका बाजूला, पिसं हवेत उडालेली. पाठीमागं मातीचं भांडं आणि खाली सांडलेली ज्वारी. एकेक दाणा मोजून घ्यावा इतका स्वच्छ फोटो. शहाण्या माणसानं बघितला तर म्हणेल, वा. त्या बैठकीत कोणी वा म्हटलं नाही.

"हाई मन्ही गच्ची शे ना?" जतनबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. मी हो म्हटलं. त्यांनी चौकट उलटी करून शेजारी ठेवली, मुगाच्या पाण्याची वाटी हातानं पुढं सरकवली आणि डोळे मिटले. पारणं केलंच नाही. सगळ्यांनी विनवलं, श्रेयांस तर रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटी तोंडाला लावली, तोपर्यंत चौथा उपवास झाला होता.

मीराला वाटलं तिनं एखादी रीत मोडली, डाव्या हातानं दिलं की काय. मी तिला जिन्यात सगळं समजावलं. ती भिंतीला टेकून म्हणाली, मी मूर्ख आहे. मी म्हटलं, तू नाही, मी. दोघींपैकी कोणाचंही म्हणणं खोडून काढायला तिथं कोणी नव्हतं.

पुढं जे झालं ते मला त्या उपवासाहून कठीण गेलं. जतनबाईंनी दाणे टाकणं बंद केलं. पाण्याचं भांडं पालथं घातलं. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. मी भांडायला गेले. म्हटलं, काकी, शिक्र्यानं काय उपाशी मरायचं? तोही जीवच ना? त्या म्हणाल्या, "जीव शे. पन कमेडीले जेवाले मीच बलायेल व्हतं ना?" इतकी वर्षं आपण दया करतो समजत होतो आणि प्रत्यक्षात सावजाला शिकाऱ्यापुढं आणून उभं करत होतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ती चौकट त्यांनी फेकलीही नाही आणि परतही दिली नाही. कपाटावर उलटीच होती.

सकाळी होले यायचे. कठड्यावर रांगेनं बसायचे, खाली मान वाकवून बघायचे, आणि उडून जायचे. जतनबाई खालच्या अंगणात उभ्या राहून ते बघायच्या. वर खिडकीतून मीरा बघायची. आणि गच्चीच्या दाराला कुलूप.

मीराला कोणी एका शब्दानं बोललं नव्हतं. पण तिनं कुलूप स्वतःवर घेतलं. जिन्यात जतनबाई दिसल्या की ती मागं फिरायची, आणि जतनबाईही नजर दुसरीकडं न्यायच्या. आईला फोटो जाणं थांबलं. मी मेहरूणला चल म्हटलं की डोकं दुखतंय म्हणायची. रविवारचा भात उरायला लागला. आणि एका संध्याकाळी रोनेल माझ्याकडं आला, चहाही घेतला नाही, म्हणाला, ती परत जातेय, महिनाअखेरीला. मी करार पुरा करीन, ती गेल्यावर इथं एकटा कसा राहीन ते ठाऊक नाही. मी त्याला काहीबाही धीर दिला. रात्रीचा स्वयंपाक करताना मात्र मला स्वतःलाच रडू आलं, कारण एवढ्या महिन्यांत ती माझी मैत्रीण झाली होती आणि शाळेतल्या पंचवीस वर्षांत तशी मला एकही मिळाली नव्हती.

पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी संवत्सरी. त्या दिवशी जैन लोक वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागतात, आणि माणसांचीच नाही, किड्या-मुंगीपासून सगळ्या जिवांची. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं', माझं चुकलं ते माफ असो, म्हणत फिरतात. आमच्याकडं जतनबाई दरवर्षी येतात, मीही हात जोडते, साखर हातावर ठेवते. यंदा त्या दारात आल्या आणि आत न येता म्हणाल्या, "चल. वरे चढनं शे. माले बोलता येवाव नही तिन्हासंगे."

मीराचं दार उघडंच होतं. पलंगावर दोन बॅगा उघड्या, अर्ध्या भरलेल्या. जतनबाई दम खात चौकटीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. नुसते नाही, कमरेत वाकल्या. मीरा घाबरून उठली. मालकीणबाई हात जोडून आल्या म्हणजे घर लवकर सोडा म्हणायला आल्या, असं तिला वाटलं. "जातेय, मी जातेय, शनिवारीच जातेय," ती मला इंग्रजीत म्हणत राहिली.

"मीरा," जतनबाई म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं. काल बठ्ठा जीवसनी माफी मांगी मी. शिकरानी बी मांगी. पन या घरमा वरना मजलावर एक जीव ऱ्हास, तिन्ही मांगानी ऱ्हाई गई. रातभर झोप नही."

मी सांगितलं. ह्या वेळीही काही गाळलं नाही, गाळण्यासारखं काही नव्हतं.

मग त्या पलंगाच्या कडेला, बॅगांच्या मधे बसल्या आणि मला आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं. लग्न होऊन धुळ्याला आल्या तेव्हा कोणाचं बोलणं कळत नव्हतं. पाणी मागायचं तरी बोटं दाखवायची. दुपारी माळ्यावर जाऊन तोंडात पदर कोंबून रडायच्या. एका दुपारी कौलांवर कमेडी बोलली. अगदी तीच, माहेरच्या खेजडीच्या झाडावर बोलायची तशी. साऱ्या धुळ्यात त्यांच्या ओळखीचा तो एक आवाज. ती निघून जाऊ नये म्हणून त्यांनी सासूच्या डब्यातली मूठभर ज्वारी चोरून कौलांवर टाकली. "पुण्य-बिण्य काही नही व्हतं," त्या म्हणाल्या. "माले कोनी तरी पाहिजे व्हतं."

मी हे सांगता सांगता दोनदा थांबले. मीरानं जतनबाईंचा सुरकुतलेला हात उचलला आणि त्याची पाठ स्वतःच्या कपाळाला लावली. तिच्या देशात मोठ्यांचा आशीर्वाद तसा घेतात म्हणे. जतनबाईंना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण दुसरा हात आपोआप तिच्या केसांवर गेला.

"आते ऐक," त्या आपल्या नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "मी दाना टाकसू. पन तू तठे बठ. चादर पांघरू नको, उघडी बठ. मानूस देखा की शिकरा येवाव नही. तू गई त राखण कोन करी? मन्हा गुडघा चालतस का?"

मी भाषांतर पुरं करायच्या आधीच मीरा बॅगेतून कपडे काढायला लागली होती. रोनेलला फोन मी केला. त्याला येणारा एकमेव मराठी शब्द तो म्हणाला, "धन्यवाद." मी म्हटलं, मला नको रे बाबा, म्हातारीला दे.

तर आता असं चाललंय. होले परत यायला आठवडा लागला, पण आले. जतनबाई ज्वारी टाकून गच्चीच्या दारातल्या पायरीवर बसतात आणि मीरा टाकीजवळ उघड्यावर. तिला बघून पाखरं आधी बिचकायची, आता तिच्या पायांशी चरतात. आईला फोटो जायला लागलेत.

गेल्या रविवारी मी तिला जेवायला बोलवायला वर गेले. सकाळची वेळ, कोवळं ऊन, गच्चीभर होले. मीरानं कॅमेरा डोळ्याला लावला होता, तेवढ्यात मागच्या कडुलिंबावरून शिक्रा सुटला. आला तो सरळ तिच्याच दिशेनं, पंख मिटून, बाणासारखा, उन्हात एकेक पीस दिसत होतं. असा फोटो काढायला लोक जन्म घालवतात. मला फोटोतलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. मीरानं कॅमेरा सोडून दिला. तो गळ्यातल्या पट्ट्याला लटकून तिच्या छातीवर आपटला, आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटत, तिच्या भाषेत ओरडत मधोमध धावली. होले भर्रकन उठले. शिक्रा पंजे रिकामे घेऊन तिच्या डोक्यावरून वळला आणि पुन्हा लिंबावर जाऊन बसला.

जतनबाई पायरीवरून उठल्या. "फोटू गया ना तुन्हा?"

मीरानं धापा टाकत आभाळाकडं बोट केलं. एवढ्या महिन्यांत ती जी दोन-चार वाक्यं शिकलीय त्यातलं एक जुळवून म्हणाली, "फोटू नही. कमेडी शे."

जतनबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग त्या कठड्याशी गेल्या, लिंबाकडं तोंड केलं, उपाशी बसलेल्या त्या शिक्र्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "बापा, तुन्हा तोंडना घास आम्ही काढी लिधा. मिच्छामि दुक्कडं."

मीरा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनंही हात जोडले. मी दारातच थांबले. ह्या दोघींच्या समोरच्या घरात मला राहायला मिळालं, एवढ्यासाठी मीही कोणाला तरी हात जोडावेत असं वाटलं, आणि जोडले.